गाव शांत, शहर डेंजर?



परवा रात्री साडेदहाला आईचा फोन. टीव्हीवर पुण्यातल्या कोयता गँगची बातमी लागली होती. "कुठं हाईस? रूमवर पोचलास न्हवं? रात्रीचं फिरू नगस बाबा, पुणं लई बिघडलंय." दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवताना हाच विषय निघाला. आमचा एक टीममेट, जन्मापासून पुण्याचा, म्हणाला, "तुझं बरं आहे यार, कंटाळा आला की कबनूरला जायचं. तिकडे सगळं शांत."

म्हणजे आई आणि हा, दोघांच्या डोक्यात नकाशा एकच. शहर डेंजर, गाव शांत. म्हटलं, शनिवार मोकळाच आहे, बघू तरी हा नकाशा कितपत खरा आहे ते.

पहिली अडचण घरापासूनच आली. कबनूर गाव आहे की शहर? आमच्याकडे वर्षानुवर्षं ग्रामपंचायत. पण जनगणनेच्या हिशोबात कबनूर 'शहरी'. कारण लोकसंख्या ५ हजारांच्या वर, दर चौरस किलोमीटरला ४०० पेक्षा जास्त माणसं आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, हे तीन निकष बसले की गाव शहरात मोजलं जातं. आमच्याकडे तर गल्लोगल्ली यंत्रमाग. शेजारच्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मधे आला, आणि २०२२ मधे तिथे महानगरपालिका झाली. मधली हद्द कुठली, ते रिक्षावाल्यालाही सांगता येणार नाही.

पोलिसांची वाटणी आणखी वेगळी. मुंबईला पोलीस आयुक्त १८६४ पासून, पुण्याला १९६५ पासून. आयुक्तालयांबाहेरचा भाग जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड आयुक्तालय सुरू झालं, तेव्हा चाकण, आळंदी, तळेगाव ही ठाणी पुणे ग्रामीणमधून काढून त्यात घातली. म्हणजे चाकणचा खून १४ तारखेला 'ग्रामीण' आणि १५ तारखेला 'शहर'! माणसं तीच, रस्ता तोच, फक्त एक्सेलमधला कॉलम बदलला.

असो. आता थोडं मागे जाऊ.

युरोपातल्या इतिहासकारांनी जुनी कोर्टाची दफ्तरं चाळून खुनांचे दर काढलेत. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमधे लाखामागे वर्षाला साधारण २० खून व्हायचे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा आकडा १ च्या खाली आला. गंमत म्हणजे याच काळात शहरं फुगत गेली. गर्दी वाढली म्हणून खून वाढले, असं सरसकट झालं नाही. शहरात चोऱ्या वाढल्या, कारण चोरण्यासारख्या वस्तू वाढल्या आणि ओळख कमी झाली. पण भांडण हातघाईवर न आणता कोर्टात न्यायची सवयही हळूहळू लागत गेली.

आपल्याकडे बघा. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे. शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला, वह्या आणि कर्जखती जाळली. हे लोण तीसच्या वर गावांत पसरलं. यालाच आपण दख्खनचे दंगे म्हणतो. त्यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की लोकांचा मुख्य राग माणसांपेक्षा कागदांवर होता. आणि हल्ला करणारे कोण? त्याच दुकानातून मीठ-मिरची नेणारे. गावातली हिंसा अनोळखी नसते, ती नात्यातून आणि व्यवहारातून येते. कोर्टात सावकाराचा कागद जिंकायचा, म्हणून कागदच जाळला. सरकारलाही ते कळलं असावं, कारण १८७९ मधे शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला.

मग 'डेंजर शहर' हे चित्र आलं कुठून? आपल्या पिढीपुरतं तरी मुंबईतून. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्याच नाहीत. कापडाचं काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर सरकलं. आमच्या गल्लीतली खडखड वाढली त्यात गिरणगावच्या शांततेचाही वाटा आहे. तिकडे बेकार पोरांतली काही टोळ्यांच्या हाताला लागली. नंतर १९९२-९३ च्या दंगली, १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट (२५७ मृत्यू), खंडण्या, एन्काउंटर. १९९७ मधे खुद्द सामंतांचा गोळ्या घालून खून झाला. १९९८ मधे 'सत्या' आला आणि चित्र पक्कं झालं.

पण आकडे काय म्हणतात? १९९२ च्या सुमारास देशात लाखामागे चारच्या वर खून होत होते. २०२२ मधे २८,५२२ खून, म्हणजे लाखामागे २.१. या तीस वर्षांत शहरं कितीतरी वाढली, दर मात्र निम्म्यावर आला. मुंबईचा दर देशाच्या सरासरीपेक्षा बराच खाली आहे. नागपूर आणि पाटण्याचा वर आहे. म्हणजे 'शहर' असा एकच प्रकार नाही. आणि खुनाची कारणं बघा. २०२२ मधे ९,९६२ खून वादातून, ३,७६१ वैयक्तिक वैरातून आणि फायद्यासाठी फक्त १,८८४. आपण घाबरतो रात्रीच्या अनोळखी माणसाला. जीव जातो तो बऱ्याचदा बांधावरून, भाऊबंदकीतून, दारात झालेल्या बाचाबाचीतून.

इथे मी खूश होऊन आईला फोन करणार होतो. मग एक प्रश्न अडला. हे आकडे लिहितो कोण?

आकडा ठाण्यात जन्मतो. तिथे कुणाचं नाव जातं आणि कुणाची तक्रार जात नाही, हा जुनाच घोळ आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांना रोज हजेरी लावायला लावली. गुन्हा घडायच्या आधीच नाव रजिस्टरात! आपल्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मधे ही हजेरी बंद केली.

उलट बाजूही आहे. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी. भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना गावातल्याच जमावाने मारलं. मागे जमिनीचा वाद होता. महाराष्ट्र हादरला तो काही आठवड्यांनी, लोक रस्त्यावर उतरल्यावर. हेच शहरात भर चौकात झालं असतं तर त्या रात्रीच टीव्हीवर दिसलं असतं. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४८ मधे घटना समितीत गावाच्या गोडव्यांवर एवढी कडक टीका का केली, ते खैरलांजी वाचल्यावर कळतं. 'गाव शांत' हे कुणासाठी, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

१५ ऑगस्ट २००७ ला राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावातच मिटवायचे, बक्षीस मिळवायचं. बांधाच्या भांडणाला हे चांगलंच. कोर्टाच्या फेऱ्या वाचतात. पण सगळेच तंटे मिटवण्यासारखे असतात का?

मी सातवीत असताना आमच्या मागच्या घरात एक काकू राहायच्या. काका दारू पिऊन मारायचे. माग चालू असले की काही ऐकू यायचं नाही. भारनियमनात लाईट गेली, माग थांबले, की अख्ख्या गल्लीला ऐकू यायचं. मग वडीलधाऱ्यांनी बैठक घेतली, काकांना समज दिली, प्रकरण 'मिटलं'. ठाण्यात कधीच काही गेलं नाही. कुठल्याही सरकारी तक्त्यात त्या काकू नाहीत. माझ्या एक्सेलमधे आमची गल्ली म्हणजे शून्य गुन्हे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) मात्र घरोघरी जाऊन बायकांना विचारलं होतं. नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या विवाहित बायका शहरात २४.२ टक्के, ग्रामीण भागात ३१.६ टक्के. आणि असं सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागितली फक्त १४ टक्क्यांनी. ठाण्यात बसून मोजलं तर एक नकाशा, दारात जाऊन विचारलं तर दुसरा. आणि शहराने फार मिरवू नये, २४ काही कमी नाही. आमच्या सोसायटीत तर भिंती जाड आहेत आणि शेजाऱ्याचं नावही माहीत नसतं.

रात्री आईला फोन केला. म्हटलं, पुण्याचं टेन्शन घेऊ नको, आणि सगळे आकडे सांगितले. मग विचारलं, "आई, त्या मागच्या काकू कशा आहेत गं?" ती जरा वेळ गप्प बसली. म्हणाली, "ती बरी हाय आता, तो गेला न्हवं का. पण तिच्या सुनंचं काय खरं न्हाई बघ."

मी तिला १८१ आणि ११२ हे दोन नंबर सांगितले. तिने कॅलेंडरच्या मागे लिहून घेतले. "उद्या जाते तिच्याकडं," म्हणाली.

चला, जेवायला जातो. तुमच्या गल्लीचा आकडा किती, बघा जरा.