चंद्रप्रकाश आणि तारकागुच्छांचे छायाचित्रण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
कार्तिक महिन्याचे नाव ज्या कृत्तिकांवरून पडले, त्या तारकागुच्छाजवळ त्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र असतो. कालगणनेला उपकारक ठरलेला हा योग छायाचित्रणाला मात्र अत्यंत प्रतिकूल होय.

काचपट्टीचा काळ :
इ.स. १८८५ मध्ये पॅरिस येथे पॉल व प्रॉस्पर हेन्री या बंधूंनी घेतलेल्या कृत्तिकांच्या छायाचित्रात माइया ताऱ्याजवळचा, तोवर दुर्बिणीतून न आढळलेला तेजोमेघ उमटला. १८८७ च्या पॅरिस परिषदेत संपूर्ण आकाशाचे छायाचित्रण करण्याचे ठरले. पुढे हैदराबादच्या निजामिया वेधशाळेनेही या कार्यात वाटा उचलला. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. काचपट्टीवर चंद्रप्रकाशाची धूसरता एकदा बसली की ती वेगळी काढणे दुरापास्त असे.

संगणकीय काळ :
१९६९ मध्ये बॉयल व स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली आणि पुढे प्रकाश अंकांत मोजला जाऊ लागला. हुडकेश्वरसारख्या नागपूरच्या सीमेवरील ठिकाणाहून घेतलेल्या चित्रात शहराकडील व चंद्राकडील आकाश अधिक उजळ येते. तारे वगळून पार्श्वभूमीचे नमुने घेतले जातात; त्यांवरून उजेडाच्या चढउताराचे प्रतिमान तयार करून ते मूळ चित्रातून वजा केले जाते.

निष्कर्ष :
परंतु तेजोमेघही असाच मंद व पसरट असतो. नमुना त्यावर पडल्यास हेन्री बंधूंना गवसलेले सत्यच वजा होण्याचा धोका संभवतो. म्हणून संस्कारित चित्राबरोबर मूळ चित्रही जपणे, हे इतिहासाच्या अस्सल साधनांच्या जतनाइतकेच आवश्यक ठरते.