निमे पाचशे, दुप्पट हजार

शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीने कोल्हापूरच्या गुळाला हक्काचा बाजार दिला. अशा बाजारांचा पैसा ज्या हुंडीवर, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी आदेशावर, फिरे, तिच्यात रक्कम एकदाच लिहून भागत नसे: रुपये १०००, निमे ५००, त्याचे दुप्पट. मेळ बसला नाही की सावकार थांबे. ही खबरदारी लबाडीपुरतीच होती, असा आक्षेप येईल. पण तपासणीला हेतू दिसत नाही, चूक आणि खाडाखोड ती सारखीच पकडते. दुरुस्ती मात्र तिला जमत नाही. म्हणून हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत, पेठ, आणि तीही हरवली तर तिसरी, परपेठ, लिहून देत. ही सोय मला फार शहाणी वाटते: प्रत्येक कागदावर जादा मजकूर थोडाच, नवी प्रत गरजेपुरती. १९५० मध्ये गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांनी संदेशातली चूक सुधारणारे संकेत मांडले, तेव्हाही हिशेब हाच होता, जादा अंक किती पाठवायचे.