‘घोरणे’ आणि निद्रादोष : एक टिपण

दिंद्रुड हे बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील गाव. येथून उत्तरेस, गोदावरीपलीकडे, समर्थ रामदासांचे (१६०८–१६८२) जन्मस्थान जांब आहे. समर्थांच्या दासबोधात अठराव्या दशकाचा नववा समास ‘निद्रानिरूपण’ या नावाचा आहे. घोरण्याविषयीच्या मराठी कल्पनांचा मागोवा घेताना तो विशेष उपयोगी पडतो.

हा समास विनोद म्हणून वाचण्याची रीत आहे. परंतु त्यातील मांडणी लक्षात घेण्याजोगी आहे. बसल्या जागी टेकून घोरणारा, दात खाणारा, वोसणणारा म्हणजे झोपेत बरळणारा, अंधारात उठून भलतीकडे चालू लागणारा, असे सर्व निद्रित येथे एकाच पंक्तीस बसविलेले आहेत. समर्थांचा हेतू वैद्यकीय नव्हे. समासाच्या अखेरीस उजाडते व जो तो आपल्या पठणास, जपास लागतो. तथापि घोरणे हे इतर निद्रादोषांसमवेत गणले गेले, हे महत्त्वाचे होय.

लोकभाषेने मात्र निराळी वाट धरली. ‘डाराडूर घोरणे’ आणि ‘डाराडूर झोपणे’ यांत आपण फारसा भेद करीत नाही. आवाज हाच सुखनिद्रेचा पुरावा ठरतो. वस्तुतः घशातील शिथिल झालेला भाग श्वासाबरोबर कंप पावतो, त्याचा तो ध्वनी असतो. काहींचा श्वास त्यामुळे वारंवार अडतो, हे १९६५ साली फ्रान्समध्ये गास्तो व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदींनिशी दाखविले. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील सुलिव्हन यांनी नाकावाटे दाबाने हवा देण्याचा उपाय प्रसिद्ध केला. साधे उपायही आहेत : कुशीवर निजणे, वजन आटोक्यात ठेवणे, रात्री मद्य वर्ज्य करणे, चोंदलेल्या नाकावर उपचार करणे. श्वास थांबून दचकून जाग येत असेल वा दिवसा अनावर झोप येत असेल, तर वैद्यकीय तपासणी अवश्य करावी.

हा प्रश्न केवळ शब्दार्थाचा नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीस जाणारी कुटुंबे एकाच कोपीत दाटीने निजतात आणि पहाटेपूर्वीच कामास लागतात. तेथे एकाच्या घोरण्याने साऱ्यांची झोप मोडते. आणि ज्याला सर्वांत गाढ झोपलेला समजून हसतात, कदाचित त्यालाच विश्रांती मिळालेली नसते. रूढ शब्दप्रयोग दुखणे कसे झाकून ठेवतो, याचे हे एक उदाहरण मानावयास हरकत नाही.