गल्ला हलवताना

मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावरील (जुना क्रमांक ६, आता ५३) साकोली हे भंडारा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. धानाचा पैसा हाती आला, की खेड्यांतील माणसे अशा गावी खरेदीला येतात. तेथील जुन्या किराणा दुकानाची रचना सर्वांच्या परिचयाची आहे. दर्शनी भागात गल्ला, त्यामागे मालक, मालकाच्या पाठीशी माल आणि ग्राहक पायरीवर. हिशेब, उधारी आणि तक्रार ही सारी कामे एकाच आसनावरून उरकत.

अमेरिकेतील मेम्फिस येथे १९१६ मध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी 'पिगली विगली' दुकान उघडून ग्राहकाला थेट मालापर्यंत जाऊ दिले. पैसे देण्याची जागा बाहेर पडण्याच्या वाटेवर गेली. आपल्याकडे डी-मार्टसारख्या (पवई, २००२) दुकानांनी ही पद्धत अंगवळणी पाडली. तालुक्याचा दुकानदार तिचे अनुकरण करताना माल मोकळा करतो, गल्ला मात्र होता तेथेच ठेवतो. तेथून रस्ता उत्तम दिसतो, मांडण्या दिसत नाहीत!

व्यवस्थापकाच्या आसनावरून बिलाचे काउंटर आणि मुख्य वाट एका नजरेत यावी. अरुंद, खोल गाळ्यात त्यासाठी पुढच्या भागातील बाजूची भिंत सोयीची. आसन थोडे उंचावर आणि मधल्या मांडण्या छातीइतक्याच. मागच्या टोकाची काचेची केबिन प्रतिष्ठेची खरी. पण बिलात चूक झाली, की कर्मचारी उठून तिथवर जातो आणि रांग खोळंबते. वाट किमान ९०० मिलिमीटर मोकळी असेल, तरच चाकांची खुर्ची आत जाईल.

बदल-परताव्याचे काउंटर प्रवेशाजवळ, मालाच्या अलीकडे असावे. म्हणजे परत आणलेली वस्तू नव्या मालात मिसळत नाही. ही जागा ऐच्छिक राहिलेली नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू बिलावर नमूद मुदतीत, तशी मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

लहान दुकानात हे काउंटर व व्यवस्थापकाचे आसन एकत्र करता येते. उधारीचे बोलणेही तेथेच व्हावे. पाठीमागे रांग उभी असताना बिलाच्या काउंटरवर 'पुढच्या महिन्यात देतो' असे सांगणे कोणत्याही शेतकऱ्याला जड जाते. तो पुन्हा फिरकत नाही. आसनाशेजारी, रांगेकडे पाठ करून बसता येईल असे एक स्टूल ठेवण्यास फारशी जागा लागत नाही.