दिनविशेष : २० जानेवारी
१९८५ : इटलीचा बचावपटू पाओलो माल्दिनी याने वयाच्या अवघ्या १६व्या वर्षी एसी मिलानकडून उदिनेजेविरुद्ध सेरी आ स्पर्धेत पदार्पण केले. प्रशिक्षक निल्स लीडहोम यांनी त्याला बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरवले. त्यानंतर २००९ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याने क्लब बदलला नाही. मिलानसाठी ९०२ सामने, ७ लीग विजेतेपदे आणि ५ युरोपीय करंडक अशी ही कारकीर्द. वडील सेझारे यांनी १९६३ मध्ये कर्णधार म्हणून उंचावलेला युरोपीय करंडक त्याने २००३ मध्ये कर्णधार म्हणूनच पुन्हा जिंकला. इटलीकडून १२६ सामने खेळूनही विश्वकरंडकाने मात्र हुलकावणी दिली. धसमुसळ्या खेळापेक्षा अचूक जागा आधीच हेरणे ही त्याची खरी ताकद. नवोदित बचावपटूंनी ती जरूर अभ्यासावी.