धारचे तिकीट आणि संक्रांतीचे भेटपत्र

माळव्यातील मराठी वस्तीचा इतिहास लिहावयास बसले की लेखणी आपोआप लढायांकडे वळते. १७२८ साली अमझेऱ्याची लढाई झाली; त्याच सुमारास तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंचे ठाणे देवासला बसले; धारला आनंदराव पवारांची गादी स्थिरावली. त्यांच्यामागोमाग शिलेदार, कारकून, भिक्षुक, वैद्य अशी नाना घरे नर्मदा ओलांडून आली आणि येथलीच झाली. हा इतिहास सनदांत, वंशावळींत आणि वाड्यांच्या दगडांत नोंदलेला आहे. परंतु या घरांतल्या बायकांनी आणि मुलांनी स्वतःच्या हाताने केलेला एक कागदी व्यवहार कोणत्याही दप्तरात चढला नाही. तो म्हणजे सणावाराला देशावर धाडावयाची हातची भेटपत्रे. प्रस्तुत लेखात आम्ही त्या कागदांचा मागोवा घेऊ इच्छितो.

आमची उभी नोकरी राज्य शासनात गेली. कोणता कागद कायम ठेवावयाचा आणि कोणता मुदतीनंतर नष्ट करावयाचा, याचे नियम तेथे ठरलेले असतात. घरातल्या कागदांना असा नियम नाही. त्यामुळे खरेदीखत तिजोरीत राहते आणि आत्याबाईंचे संक्रांतीचे पत्र रद्दीवाल्याच्या तागडीत जाते. हा निवाडा योग्य आहे काय, हा या लेखाचा खरा प्रश्न आहे.

शुभेच्छेचा कागद सजवून धाडण्याची रीत आपल्याकडे इंग्रजांच्या आधीपासून आहे. संस्थानिकांमधील खलिते सोन्याचा वर्ख शिंपडलेल्या कागदावर लिहिले जात, किनखापाच्या थैलीत घातले जात आणि थैलीच्या दोरीला लाखेची मुद्रा लटकत असे. मराठी दरबारी पत्रावर शिक्का आणि शेवटी मोर्तब उमटल्याशिवाय त्याला पूर्णत्व येत नसे. हीच रीत घरात उतरली ती लग्नपत्रिकेच्या रूपाने. वर्खाच्या जागी कुंकवाचे शिंतोडे आले, मुद्रेच्या जागी अक्षता आल्या आणि पत्रिका ‘कुंकुमपत्रिका’ झाली. कोरा कागद शुभ नव्हे, त्यावर रंगाचा काही स्पर्श हवा, ही समजूत दरबारात आणि माजघरात एकच होती.

इंग्लंडात हेन्री कोल या गृहस्थाने १८४३ साली नाताळचे पहिले छापील भेटपत्र काढले, असे मानतात. त्याआधी तीनच वर्षे, १८४० साली, तेथे टपालतिकीट सुरू झाले होते. स्वस्त टपाल आले आणि त्याच्या पाठोपाठ भेटपत्र आले, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. पुढे तेथील घरांत जर्मनीत छापलेली रंगीत, उठावदार चित्रे कातरून वह्यांत आणि पत्रांवर चिकटविण्याचा छंद बोकाळला. आपल्याकडे १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि सामान्य घरालाही दूरच्या नातलगाची ख्यालीखुशाली विचारणे परवडू लागले. धारला आगगाडी नव्हती. जवळचे ठाणे महू, ते सुमारे ३३ मैलांवर. टपाल सडकेने महूस जाई आणि तेथून रेल्वेने दक्षिणेकडे.

या काळातच धारने स्वतःची टपालतिकिटे काढली. १८९७ सालच्या या तिकिटांची हकीकत धारकरांच्या नव्या पिढीस फारशी ठाऊक नाही, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. शेजारच्या होळकर सरकारने १८८६ साली तुकोजीराव महाराजांच्या मुखवट्याचे तिकीट लंडनमध्ये छापवून घेतले होते. धारने तो थाट केला नाही. छापखान्यातले खिळे आणि नक्षीचे तुकडे जुळवून एक चौकट केली, आत देवनागरी अक्षरे बसविली आणि काळ्या शाईने रंगीत कागदावर छापले. अर्ध्या पैशाला तांबडा कागद, पाव आण्याला नारिंगी, अर्ध्या आण्याला किरमिजी, एक आण्याला हिरवा आणि दोन आण्यांना पिवळा. तिकिटांना दाते नव्हते, ती कातरीने कापून घ्यावी लागत. आणि प्रत्येक तिकिटावर अधिकृततेची खूण म्हणून लंबगोल शिक्का हाताने मारलेला असे. खिळे हातांनी जुळविलेले, त्यामुळे काही तिकिटांत अक्षरांची अदलाबदल झालेली दिसते, तर काहींत एखादे अक्षर गळालेले आढळते. संग्राहक आज नेमक्या याच चुकांच्या मागे असतात. १८९८ पासून राजचिन्ह असलेली, दातेदार तिकिटे निघाली. परंतु ३१ मार्च १९०१ रोजी धारची तिकिटे रद्द झाली आणि चार वर्षांचा हा संसार आटोपला. देवासच्या दोन्ही पात्यांनी टपालतिकिटे काढलीच नाहीत.

रंगीत कागदाचा कपटा, जुळविलेली नक्षी, हाताने मारलेला ठसा आणि कातरीने कापलेली कड, असे हे तिकीट होते. घरातल्या मुलीने संक्रांतीला केलेल्या भेटपत्राचे वर्णनही याहून निराळे करता येणार नाही. एक भेद मात्र होता. संस्थानी तिकिटाला संस्थानच्या हद्दीबाहेर किंमत नव्हती. धारहून पुण्याला वा साताऱ्याला पत्र धाडावयाचे तर त्यावर राणीच्या मुखवट्याचे इंग्रजी तिकीट लावावे लागे. म्हणजे धारच्या तिकिटाने धार संस्थानातलीच माणसे जोडली. देशावरच्या आप्तांशी माळव्याला जोडण्याचे काम पाकिटाच्या आतल्या कागदाने केले.

हा आतला कागद सजविण्याचे साहित्य कोठून येई? विकत आणण्याची ऐपत थोड्यांची. इतरांची भिस्त कपट्यांवर. मँचेस्टरच्या गिरण्यांच्या ताग्यांवर देवादिकांची, हत्तीमोरांची रंगीत तिकिटे चिकटविलेली येत. कापड संपे, पण चित्र पेटीत राही. काडेपेट्यांवरची चित्रे असत. राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. त्या तसबिरींना जर, टिकल्या आणि मणी लावून नटविण्याची हौस बायकांत होती. त्यातून उरलेल्या जरीच्या धाग्याचा पत्रावर उपयोग होणे ओघानेच आले.

माळव्याने यात आपली भर घातली. पितृपक्षात येथल्या मुली भिंतीवर शेणाची संजा काढतात, तिला फुलांच्या पाकळ्या आणि चमकदार पन्नीचे तुकडे चिकटवितात. मराठी घरांतल्या मुलीही शेजारणींबरोबर संजेची गाणी म्हणत, आणि पन्नी कातरून बसविण्याची कला त्यांच्या बोटांत तेथूनच आली. दुसरी भर धार जिल्ह्यातल्या बाग गावची. तेथील खत्री छिपे लाकडी ठशांनी कापड छापतात. तुरटीवर अलिझरीनचा तांबडा आणि लोखंडापासून केलेला काळा, असे तेथले मुख्य रंग. २००८ साली या बागछपाईला भौगोलिक उपदर्शनाची नोंदही मिळाली. घरातल्या मुलांना सागवानी ठसा कोठून मिळणार? पण ठसा बुडवावा आणि कागदावर दाबावा, नक्षी चुकता कामा नये, हे तत्त्व ज्या मुलखात बाजाराच्या दिवशी डोळ्यांसमोर दिसते, तेथे मुलांना ते निराळे शिकवावे लागत नाही.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९६०-७० च्या दशकांत, हा उद्योग पौष लागताच सुरू होई. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी पाठ हा मुख्य कागद. मैद्याची खळ शिजवीत आणि कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालीत. भेंडी देठाशी आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल मिळे. अर्ध्या बटाट्यावर कोरून पतंग वा सुगड काढता येई. शाई दौतीतली निळी, तांबड्यासाठी आळता, पिवळ्यासाठी हळद. सिगारेटच्या पाकिटातली चांदी घासून सपाट करीत. वर्षभराच्या पत्रांवरची वापरलेली तिकिटे पाण्यात भिजवून सुटी केलेली असत, त्यांची कडेने वेल होई. शेवटी पातळ कागदाच्या पुडीत काटेरी हलव्याचे पाचसात दाणे ठेवून ती पुडी आत चिकटवीत. टपालखात्याच्या शिक्क्याचा घाव नेमका त्यावर बसे आणि हलवा पीठ होऊन पोचे. पण तिळगूळ पोचला, याविषयी कोणाला शंका नसे.

बाजारात छापील भेटपत्रे मिळत नव्हती असे नाही. पुण्यामुंबईकडची संक्रांतीची भेटपत्रे इंदूरला येत. पाकिटाचे तोंड उघडे ठेवून त्यावर ‘बुक पोस्ट’ लिहिले की ती कमी दरात जात. हातच्या भेटपत्रात मजकूर असे, म्हणून त्याला पूर्ण दराचे पाकीट लागे. तरीही घरातली वडीलधारी मंडळी हातचेच पत्र धाडीत. काटकसरीच्या घरांनी जास्तीचे पैसे का मोजले, याचे कारण आम्हांस त्या मजकुरात दिसते.

२८ मे १९४८ रोजी मध्यभारत राज्य अस्तित्वात आले आणि पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मध्यप्रदेशात विलीन झाले. दरबारी व्यवहारात जी मराठी होती ती कचेरीतून गेली आणि मागोमाग बहुतेक शाळांतूनही गेली. आमच्या पिढीची मुले हिंदीत शिकली. मराठी घरात बोलली जाई, परंतु लिहिण्याचा प्रसंग उरला नाही. वर्षातून एकदा मात्र तो येई. ‘तीर्थरूप आत्याबाईंस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’ येथून आरंभ करून चार ओळी मराठीत लिहाव्याच लागत. ‘है’ आणि ‘आहे’ यांची गल्लत आजी तांबड्या शाईने दुरुस्त करी. भेंडीचे फूल हे मुलाला त्या कागदाशी बसविण्याचे आमिष होते. खरी कमाई त्या चार ओळींची होती. धारदेवासकडच्या कित्येक घरांत मराठी लिखाण तिसऱ्या पिढीपर्यंत तगले, त्याचे श्रेय आम्ही तरी कोणत्या संस्थेआधी या कागदी उद्योगाला देतो.

कपट्यांचे मोल जाणणारा एक मोठा कलावंत याच मातीने दिला, हा योगायोग नव्हे. विष्णु चिंचाळकर, सर्वांचे ‘गुरुजी’, यांचा जन्म १९१७ साली देवास संस्थानातील आलोट येथे झाला. फाटका कागद, वाळके पान, झाडाची साल, दगड यांत दडलेले चित्र ते दाखवून देत. मुलांना शिकविताना विकतच्या रंगांवाचून त्यांचे काही अडत नसे. ‘चकमक’ या बालमासिकाशी त्यांचा निकटचा संबंध होता. देवासला स्थायिक झालेले कुमार गंधर्व आणि इंदूरचे राहुल बारपुते हे त्यांचे जिवलग. २००० साली गुरुजी गेले. टाकाऊ म्हणून काही नसते, ही त्यांची दृष्टी शाळेत शिकवून आलेली नव्हती; ज्या घरांत कागदाचा कपटा जपला जाई, त्या घरांची ती दृष्टी होती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३ मध्ये देवासला येऊन गेला आणि १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून राहिला. तेथून त्याने घरी पत्रे लिहिली. ती घरच्यांनी जपली, म्हणून १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक होऊ शकले आणि देवासचे नाव जगभर वाचले गेले. त्याच साली, त्याच टेकडीच्या पायथ्याशी राहून आपल्या पणज्याही पत्रे लिहीत होत्या. दरबाराविषयी, महागाईविषयी, तापाच्या साथीविषयी त्यांनाही सांगावयाचे होते आणि त्यांची नजर पाहुण्याची नव्हती. ती पत्रे असती तर आज देवासचा दुसरा, घरातून पाहिलेला इतिहास आपल्या हाती असता. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे गोळा केली, १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. परंतु त्या थोर उद्योगाची झेप राजकारणाच्या कागदांकडे होती. भेंडीचे फूल उमटलेल्या पत्रासाठी कोणी दार ठोठावले नाही, आणि यापुढेही कोणी येईल असे दिसत नाही. ते काम ज्याचे त्याने करावयाचे आहे.

म्हणून वाचकांस काही सूचना कराव्याशा वाटतात. जुन्या पाकिटावरचे तिकीट कापून वा भिजवून सुटे करू नये. धारचे सुटे तिकीट संग्राहकांकडे मिळते. पत्ता, शिक्का आणि तारीख यांसह अखंड पाकीट दुर्मीळ असते आणि इतिहास त्यातच असतो. फाटलेल्या पत्राला चिकटपट्टी लावू नये, तिचा डिंक पुढे कागद पिवळा करून अक्षरे खातो. प्लास्टिकचे आवरण तापवून चढवू नये. धुवट सुती कापडात पत्रे सपाट ठेवावीत, ओल आणि ऊन यांपासून दूर. कोणी, कोणास, कोणत्या नात्याने लिहिले, हे निराळ्या कागदावर पेन्सिलीने नोंदवून सोबत ठेवावे. कारण नाती सांगणारी पिढी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. भ्रमणध्वनीने छायाचित्र काढून ठेवण्यास खर्चही नाही.

देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये १९७४-७५ पासून चलनी नोटा छापल्या जात आहेत. तेथल्या प्रत्येक कागदाचा हिशेब असतो, एक कपटा कमी पडला तरी चौकशी होते. त्याच गावातल्या माळ्यांवरच्या ट्रंकांत, हिशेबात न धरलेले असे कितीतरी कागद अजून पडून असतील. दिवाळीची साफसफाई दरसाल येते. यंदा त्या ट्रंका रद्दीवाल्यासमोर उघडण्यापूर्वी एकदा आपल्यासमोर उघडाव्यात, एवढेच आमचे मागणे आहे.