वाहत्या जहाजांचा हिशेब

समुद्रात जहाज आपली वाट सोडून किती वाहते, याचा हिशेब मांडणाऱ्यांत एक मोठे नाव हिंदुस्थानात नोकरी केलेल्या इंग्रजाचे आहे. जेम्स रेनेल हा बंगालचा सर्व्हेअर जनरल. 1777 साली तो मायदेशी निघाला आणि वाटेत सेंट हेलेना बेटावर त्याची मुलगी जेन जन्मली. दुसऱ्याच वर्षी त्याने आफ्रिकेच्या टोकाजवळील अगुल्हास प्रवाहाचा नकाशा प्रसिद्ध केला आणि पुढे कित्येक वर्षे तो कप्तानांच्या नोंदवह्या तपासत राहिला.

रीत शाळेतल्या वजाबाकीची. होकायंत्र व वेग यांवरून जहाज आज दुपारी कोठे असायला हवे ते काढायचे. मग सूर्य व अचूक घड्याळ यांवरून ते खरोखर कोठे आहे ते पाहायचे. चोवीस तासांत चोवीस मैलांचा फरक पडला, तर पाणी ताशी एक मैल वाहते आहे. (चूक कप्तानाचीही असे, म्हणून एका वहीवर भागत नसे, ढीगभर लागत.) रेनेल 1830 मध्ये वारला. अटलांटिकच्या प्रवाहांवरील त्याचा ग्रंथ 1832 मध्ये प्रसिद्ध केला तो याच जेनने.

आता वहीचे काम एआयएस नावाचे यंत्र करते. परदेशी जाणाऱ्या 300 टनांवरील जहाजांना ते 2004 पासून सक्तीचे झाले. जागा, वेग, जाण्याची दिशा आणि जहाजाचे तोंड कोणीकडे, हे ते दर काही सेकंदांनी कळवते. तोंड उत्तरेला आणि जाणे ईशान्येला, तर मधला फरक पाण्याचा व वाऱ्याचा. बंदराबाहेर इंजिन बंद करून थांबलेले जहाज तर नुसते वाहतच असते. अभ्यासकांना तेच हवे. मात्र रिकामे जहाज उंच तरंगते, त्याला वारा अधिक ढकलतो. भरलेल्या जहाजाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

हैफाकडील आपल्या मंडळींना यातली दुसरी अडचण ठाऊक आहे. 2024 मध्ये घरी बसलेल्यांचे फोन त्यांना बैरूतच्या विमानतळावर दाखवीत होते. जहाजांचेही तेच झाले! अशा नोंदी वेचून टाकाव्या लागतात. रेनेलच्या कप्तानांच्या सूर्याला असे कोणी हलवू शकत नव्हते.

जहाजांच्या अशा नोंदींतूनच कोकणच्या समुद्राचीही ओळख पटली. किनाऱ्यालगतचे पाणी पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहते, हिवाळ्यात उत्तरेकडे. आणि पावसाळी वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो. खांदेरी-उंदेरीपाशी शीड गमावलेल्या तारवाला तो खडकांकडेच लोटणार. यावरून आपले पूर्वज नवगावला कोणत्या महिन्यात, कोणत्या साली आले हेही काढता येईल, असे काही उत्साही मंडळी म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, एवढे परंपरा सांगते. ते जहाज कोठून निघाले, कोणीकडे चालले होते, हेच ठाऊक नसता वजाबाकी कशातून करणार?